बोटावर ९७ टक्के, मग पायातला जीव जातो कुठं?

सकाळी मैदानावर एका पोरानं विचारलेला प्रश्न आहे. तिथं घड्याळ हातात धरून उभ्याउभ्या अर्धंमुर्धं सांगितलं, त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही, म्हणून आता सावकाश लिहितोय.

पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, १६०० मीटरला अजून वीसेक सेकंद कमी करायचेत त्याला. आजोबांना दमा आहे, त्यांच्यासाठी कोरोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर घरात होता तो खिशात घालून आला. पळून झालं, गुडघ्यावर हात टेकून वाकला, भाता चालल्यासारखा श्वास चाललाय आणि बोटाला ते चिमटं. आधी आकडाच येईना, बोट थरथरत होतं, घामानं गार पडलेलं, मग दहाबारा सेकंदांनी आला. ९७, आणि पल्स १८४. माझ्याकडं बघून म्हणतो, "सर, ह्यात तर ऑक्सिजन फुल्ल दाखवतंय. मग मला धाप कशाची लागली? आणि शेवटच्या राऊंडला पाय उचलंना झाले ते कशानं? रक्तात आहे तर पायाला का मिळंना?"

लय भारी प्रश्न आहे हा. मी वीसेक वर्षं मेडिकलच्या पोरांना फिजिऑलॉजी शिकवली, आता खेळाडूंची ओपीडी बघतो, आणि खरं सांगतो, हा प्रश्न स्वतःच्या डोक्यानं विचारणारा वर्षाला एखादाच निघायचा. बाकीचे ग्राफ पाठ करून पास.

आधी थोडक्यात सांगतो. पळताना फुप्फुसातून निघणाऱ्या रक्तात काय फार जादा ऑक्सिजन नसतो, कारण ते बसल्या जागीही जवळपास भरूनच निघतं. फरक पडतो तो उतरवण्यात. तू कट्ट्यावर बसलेला असताना रक्त शरीरभर फिरून पाऊण माल तसाच परत घेऊन येतं, आणि पळताना तोच माल पायात उतरवून जवळजवळ रिकामं होऊन येतं. ऑक्सिमीटर बघतो तो मार्केट यार्डातून निघालेला भरलेला टेम्पो. दुकानात किती पोती उतरली, टेम्पो दिवसाला किती फेऱ्या मारतोय आणि मुळात टेम्पो किती आहेत, ह्यातलं काहीच त्याला दिसत नाही. म्हणून त्याचा ९७ खरा आणि तुझी धापही खरी.

आता जरा आत शिरू.

ऑक्सिजन पाण्यात फार विरघळत नाही. १०० मिली रक्तात नुसता विरघळून राहिलेला ऑक्सिजन किती, तर ०.३ मिली. तेवढ्यावरच भागवायचं म्हटलं तर नुसतं बसून राहायला मिनिटाला २५० मिली ऑक्सिजन लागतो त्यासाठी हृदयाला मिनिटाला ८० लिटरच्या वर रक्त फेकावं लागलं असतं, आणि ते प्रत्यक्षात फेकतं ५ लिटर. ही तफावत भरून काढतं हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन धरतं, १०० मिली रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलं तर २० मिली. कुठं ०.३ आणि कुठं २०.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूला चार जागा असतात, प्रत्येक जागेवर लोहाचा एक अणू, त्याला एक ऑक्सिजन चिकटतो. लोखंडाला हवा लागली की गंज चढतो हे आपल्याला माहीत आहे, पण इथली गंमत अशी की लोहाभोवती प्रोटीनची अशी काही घडी घातलेली असते की ऑक्सिजन नुसता येऊन बसतो आणि वेळ आली की उठून जातो, लोह गंजत नाही. चुकून गंजलं तर ती जागा बाद, तिथं ऑक्सिजन बसत नाही. अशा एका लाल पेशीत २५ कोटींच्या वर हिमोग्लोबिनचे रेणू भरलेले असतात आणि त्या पेशीला ना केंद्रक ना मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणारी भट्टी), म्हणजे ती स्वतः ऑक्सिजन वापरतच नाही. चार महिने माल वाहते, मालाला हात लावत नाही. असा ड्रायव्हर मिळणं अवघड!

पण नुसतं धरून ठेवणं सोपं असतं हो. खरी कारागिरी आहे ती सोडण्यात. फुप्फुसात घट्ट धरायचं आणि पायात आलं की सैल सोडायचं, एकाच रेणूनं दोन्ही, मधे अर्धा मिनिटसुद्धा नाही. हे कसं जमतं?

चार जागा एकमेकींना धरून वागतात म्हणून. पहिला ऑक्सिजन बसायला वेळ लावतो, तो बसला की अख्खा रेणू जरा फिरतो, आकार बदलतो, आणि पुढच्यांना बसायला सोपं जातं. उतरतानाही तेच, एक उतरला की बाकीच्यांची पकड सैल होते. हा आकार बदलतो हे काय हवेतलं नाही बरं का. १९३८ साली फेलिक्स हाउरोविट्झ हे शास्त्रज्ञ ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचे जांभळट स्फटिक मायक्रोस्कोपखाली बघत होते, कडेनं हवा आत शिरली तसे ते स्फटिक त्यांच्या डोळ्यांदेखत फुटले आणि लालभडक सुया तयार झाल्या. रेणूचा आकारच बदलला तर जुना स्फटिक टिकेल कसा. पुढं मॅक्स पेरुट्झ यांनी घोड्याच्या हिमोग्लोबिनवर वीसेक वर्षं घालवून त्याची रचना उलगडली, १९६२ चं नोबेल त्यासाठी मिळालं.

ह्या एकमेकींना धरून वागण्यामुळं, ऑक्सिजनच्या कुठल्या दाबाला हिमोग्लोबिन किती भरतं ह्याचा जो ग्राफ तयार होतो तो मी फळ्यावर काढायचो तेव्हा पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि विसरायची. चित्र डोळ्यांपुढं आण. वर आपल्या सोलापूरसारखं सपाट माळरान आणि खाली एकदम घाट. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब १०० मिलीमीटरच्या आसपास (बीपी मोजतात तेच पाऱ्याचे मिलीमीटर), तिथं हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरतं. दाब ६० पर्यंत पडला तरी अजून ९० टक्के भरलेलंच. हे माळरान. म्हणजे फुप्फुसाकडं थोडं कमीजास्त झालं तरी माल भरण्यात फार फरक पडत नाही. पण ४० ला आलं की ७५ टक्के, २७ ला निम्मं, २० ला जेमतेम एक तृतीयांश. हा घाट. बसलेल्या माणसाच्या शरीरातून परत येणारं रक्त साधारण ४० वर असतं, म्हणजे घाटाच्या तोंडाशी उभं. पळणाऱ्या पायाच्या स्नायूत दाब २० च्या खाली जातो आणि रक्त घाटावरून धडाधडा खाली येतं. दाबात जरा फरक पडला की पोत्यांवर पोती उतरतात. तुझे पाय बसल्या जागी १०० मिली रक्तातून ५ मिली घेत होते ते जोरात पळताना १५ मिली किंवा जास्त घेतात.

बरं, एवढ्यावर भागत नाही. स्नायू काम करायला लागला की तो घाट अजून उताराचा करून घेतो, आणि मला ह्या सगळ्यातली सर्वात आवडती गोष्ट हीच आहे. कामाला लागलेला स्नायू तीन गोष्टी बाहेर टाकतो. कार्बन डायऑक्साइड, आम्ल आणि उष्णता. तिन्ही म्हणजे आपल्या भाषेत कचरा. आणि हाच कचरा हिमोग्लोबिनला सांगतो की बाबा इथं काम चाललंय, इथं उतरव. आम्लातले हायड्रोजन आयन हिमोग्लोबिनला चिकटून त्याला सैल पकडीच्या आकाराकडं ढकलतात, कार्बन डायऑक्साइडही तेच करतो, आणि स्नायू ३७ वरून ३९-४० अंशाला गेला की पकड आणखी ढिली पडते. म्हणजे कोणी वरून ऑर्डर सोडायची गरज नाही, जो स्नायू जास्त राबतो त्याचा कचरा जास्त, त्याला ऑक्सिजन जास्त. त्याच रक्ताची धार शेजारच्या निवांत स्नायूत गेली तर तिथं कमी उतरतो. रक्त परत फुप्फुसात आलं की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त जरा गार होतं, पकड पुन्हा घट्ट. कोपनहेगनमध्ये ख्रिश्चन बोर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम दाखवला, म्हणून त्याला बोर इफेक्ट म्हणतात. अणूच्या रचनेवाले नील्स बोर हे ह्यांचेच चिरंजीव. मुलाचं नाव दहावीच्या पुस्तकामुळं घरोघरी, वडिलांचं इफेक्ट रोज आपल्या पायात चालतं तरी त्यांना कोण ओळखत नाही, असो.

किती फरक पडतो ह्यानं? ढोबळ गणित करून सांगतो. निम्मं रिकामं व्हायला एरवी २७ चा दाब लागतो, तो आम्ल आणि उष्णता मिळून ३५ ते ४० कडं सरकतो. म्हणजे २० च्या दाबाला एरवी हिमोग्लोबिनवर एक तृतीयांश माल शिल्लक राहिला असता तिथं आता पाचव्या हिश्श्याच्या आत राहतो. जोरात पळणाऱ्याच्या मांडीतून परत निघालेलं रक्त खरोखरच इतकं रिकामं असतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक प्रात्यक्षिक मी दर वर्षी करून दाखवायचो. एका पोराचा डावा हात दहा मिनिटं सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा आणि हाताच्या मागच्या शिरेतून रक्त घ्यायचं. त्याच पोराला उजव्या हातानं रबरी बॉल दोन मिनिटं जीव खाऊन दाबायला लावायचं आणि कोपराच्या शिरेतून घ्यायचं. दोन्ही ट्यूब उजेडात शेजारी शेजारी धरायच्या. माणूस एकच, मिनिट एकच, दोन्ही शिरेतलंच रक्त, पण एक जास्वंदीसारखं लाल आणि दुसरं पिकल्या जांभळाच्या रसासारखं काळपट. गरम पाण्यातला हात निवांत होता, रक्त आलं तसं वाहून गेलं, स्नायूनं काही काढून घेतलं नाही. बॉल दाबणाऱ्या हातानं ओरबाडून घेतलं. मग ती काळपट ट्यूब बूच लावून अर्धा मिनिट हवेबरोबर हलवायची, हळूहळू वर्ग गप्प व्हायचा, कारण ती हातातल्या हातात लाल व्हायला लागायची. फुप्फुस काय करतं ते एवढंच. निळं रक्त नावाची गोष्ट नसते हेही तिथंच कळायचं, पुस्तकातला निळा रंग छापखान्याचा.

आता केशवाहिनीतला प्रवास. लाल पेशी साताठ मायक्रॉन रुंद आणि केशवाहिनी कधी तितकीच तर कधी त्याहून अरुंद, त्यामुळं पेशी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत होम मैदानावर अंग चोरून चालल्यासारखी वाकून दुमडून, भिंतीला घासत जाते. तेवढ्यात ऑक्सिजन बाहेर पडून स्नायूत शिरतो. तिथं मायोग्लोबिन नावाचा हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ बसलाय, त्याला एकच जागा, पण पकड लय घट्ट, २-३ मिलीमीटरच्या दाबालाही तो निम्मा भरलेला असतो. म्हणून ऑक्सिजन रक्ताकडून त्याच्याकडं आणि तिथून मायटोकॉन्ड्रियाकडं, असा खालच्या बाजूलाच वाहत जातो. स्नायूत अशा बारीक वाहिन्यांतून रक्तपुरवठा गरजेप्रमाणं कसा वाढतो ह्यावर ऑगस्ट क्रोग यांना १९२० चं नोबेल मिळालं, आणि हे क्रोग त्या १९०४ च्या बोर साहेबांच्या कामातले एक सहकारी.

मालाचं झालं, आता फेऱ्यांचं बघू. आपल्याकडं नळाला पाणी सोडणारा चावीवाला सगळ्यांना माहीत आहे, ह्या भागाला सोडलं की त्या भागाची चावी बंद. शरीराचंही तसंच. बसलेल्या माणसाच्या ५ लिटरमधलं लिटरभर रक्त सगळ्या स्नायूंना मिळून जातं, बाकीचं पोट, मूत्रपिंड, मेंदू असं वाटलेलं. पळायला लागलं की हृदय २० लिटर फेकतं आणि त्यातलं ८० टक्क्यांच्या वर स्नायूंकडं जातं. पोट आणि मूत्रपिंडाच्या चाव्या मज्जातंतू पिळून कमी करतात. स्नायूच्याही चावीवर तोच हुकूम येतो, पण तिथं पोटॅशियम, ॲडेनोसिन, नायट्रिक ऑक्साइड असले स्थानिक पदार्थ तो हुकूम मोडून चावी पूर्ण उघडी करतात. पोटभर खाऊन पळायला उतरू नये म्हणतात त्यात ह्या वाटणीचाही भाग आहे, पोट आपला हिस्सा सोडायला तयार नसतं.

मग हिशोब बघ किती सुंदर जुळतो. फेऱ्या चौपट, ५ चे २० लिटर. प्रत्येक फेरीत उतरणारा माल तिप्पट, ५ चे १५ मिली. चार गुणिले तीन बारा. म्हणजे मिनिटाला २५० मिली वापरणारं शरीर ३००० मिली वापरायला लागतं, आणि ह्या सगळ्यात फुप्फुसातून निघणाऱ्या रक्ताचा टक्का ९७ होता तो ९७ च. म्हणून म्हटलं, तू चुकीच्या ठिकाणी मीटर लावलास. तसा तो पळून झाल्या झाल्या बरोबर दाखवीलच असंही नाही, बोट गार असलं, हलत असलं की काहीही आकडा देतो.

मग पाय का उचलंना झाले? तुझ्या वेगाला मिनिटाला जितका ऑक्सिजन लागत होता तितका तुझं हृदय पोचवू शकत नव्हतं. रक्तात होता, पण मिनिटाला जितकं रक्त जायला पाहिजे तितकं जात नव्हतं. बहुतेक निरोगी माणसांत मर्यादा फुप्फुसाची नसते, हृदय किती फेकतं आणि रक्तात हिमोग्लोबिन एकूण किती आहे ह्याची असते. उरलेली ऊर्जा स्नायू ऑक्सिजनशिवाय साखर तोडून काढतो, त्यात आम्ल साठतं, आकुंचनाची यंत्रणा बिघडत जाते आणि पाय शिसं भरल्यासारखे होतात. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याला मात्र लॅक्टिक ॲसिड जबाबदार नाही, ते तासाभरात साफ होतं, दुखतात त्या स्नायूच्या बारीक इजा. हे मी हजार वेळा सांगितलंय आणि हजार वेळा कोणीतरी परत लॅक्टिकचंच नाव घेतो.

आणि धाप? धाप मुख्यतः ऑक्सिजन कमी झाला म्हणून लागतच नाही. ते आम्ल रक्तातल्या बायकार्बोनेटला भेटलं की आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो बाहेर टाकायची घाई असते, मेंदू आणि मानेतले सेन्सर श्वास ओढायला लावतात. शांत बसल्यावर मिनिटाला ६ लिटर हवा आतबाहेर होते ती शंभर लिटरच्या वर जाते. म्हणजे तू वाकून फुफुफु करत होतास ते जास्त करून बाहेर टाकण्यासाठी, आणि त्या खटाटोपामुळंच तर ९७ टिकून राहिले. काही अगदी वरच्या दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंत मात्र रक्त फुप्फुसातून इतक्या जोरात जातं की भरायला वेळ पुरत नाही आणि टक्का खरंच पडतो. तुझं तसं व्हायला अजून बरीच वर्षं आहेत.

पहिल्या राऊंडचं एक सांगतो, तुझी सगळ्यात मोठी चूक तिथं आहे. ह्या सगळ्या चाव्या उघडायला, हृदय वर यायला, स्नायू तापायला दोनतीन मिनिटं लागतात. तू थंड अंगानं शिट्टी झाल्या झाल्या सुसाट सुटतोस, तेव्हा ऑक्सिजनची यंत्रणा अजून डोळे चोळत असते आणि ते पहिलं मिनिट तू उधारीवर पळतोस. ती उधारी चौथ्या राऊंडला व्याजासकट वसूल होते. त्यासाठी वॉर्मअप. दहाबारा मिनिटं हलकं पळणं, मधे दोनतीन वेळा शंभर मीटर जरा वेगानं, मग पाचेक मिनिटं चालत फिरणं आणि मग शिट्टी. नुसतं जागेवर उभं राहून हात फिरवणं आणि कंबर वाकवणं ह्याला मी वॉर्मअप म्हणत नाही. स्नायू आधीच गरम असला की घाट आधीच उताराचा झालेला असतो, एवढं लक्षात ठेव.

आता टक्के आणि माल ह्यातला फरक. हे सगळ्यांनीच वाचा, खास करून ज्यांच्या घरात मुली पळतात त्यांनी.

मागं एक मुलगी यायची, ८०० मीटरची तयारी करणारी, आई विडी वळायची. चांगली चिवट पोरगी, पण चार महिने घासूनही वेळ हलंना, जिना चढला तरी छाती धडधडायची. कोणीतरी ऑक्सिमीटर लावून ९९ बघितलं आणि "तुला काय झालेलं नाही, आळस सोड" असं सांगून मोकळं. मी खालची पापणी ओढून बघितली तर आतला भाग पांढुरका. हिमोग्लोबिन निघालं ९.२. आता गणित कर. ९.२ ला १.३४ नं गुण, १०० मिली रक्तात १२ मिलीच्या आसपास ऑक्सिजन. १५ वाल्या पोराकडं २०. दोघांच्याही बोटाला ९८-९९ टक्केच येणार, कारण जितके टेम्पो आहेत तितके भरलेलेच आहेत, टेम्पोच कमी आहेत त्याचं काय! हृदय बिचारं जादा फेऱ्या मारून भरून काढतं, म्हणून धडधड. बसल्या जागी ते निभतं, पळताना फेऱ्याच कमाल झाल्या की पुढं वाढवायचं कुठून. आणि हे दुर्मिळ नाही हो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमियात निघाल्या.

तिचं कारण पाळीत जादा रक्त जाणं आणि ताटात लोह कमी, दोन्ही. त्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या, आणि मुख्य म्हणजे भाकरी खाल्ल्या खाल्ल्या लगेच चहा ढोसायचा तो बंद, कारण चहातले घटक लोह आतड्यातच अडवतात. तीनेक महिन्यांत १२ च्या वर गेली आणि वेळ आपोआप खाली आली, प्रॅक्टिस तीच होती. पण हे वाचून कोणी मेडिकलमधून परस्पर गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊ नका. आधी तपासा, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा सांगणारा आकडा) बघा, लोह पुरेसं असताना वरून घेतलेलं लोह शरीर सहज बाहेर टाकत नाही. एका अकॅडमीत सरसकट सगळ्या पोरांना "स्टॅमिनाचं इंजेक्शन" म्हणून लोह टोचलेलं मी बघितलंय, नाव घेत नाही, पण डोकं फिरतं. आणि रोज पळणाऱ्याचा आकडा कधी कधी जरा खाली दिसतो तो वेगळा मामला, सरावानं रक्तातलं पाणी वाढतं आणि हिमोग्लोबिन त्यात पातळ दिसतं, एकूण माल कमी झालेला नसतो.

विडी-सिगारेटचं पण सांगून टाकतो. मैदानाच्या भिंतीमागं कोण काय करतं ते मला कळत नाही असं समजू नका. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीच्या वर घट्ट चिकटतो. रोज ओढणाऱ्याच्या रक्तातल्या ५ ते १० टक्के जागा त्यानंच अडवलेल्या असू शकतात. वर दुसरी खोडी अशी की एका जागेवर तो बसला की बाकीच्या जागांची पकड घट्ट होते, म्हणजे जो ऑक्सिजन आहे तोही पायात आल्यावर नीट सुटत नाही. घाटच बंद. आणि तुझा साधा ऑक्सिमीटर ह्या मोनॉक्साइडला ऑक्सिजनच समजतो, ९८ दाखवून मोकळा होतो. निम्मा उतरायलाच चारपाच तास लागतात त्याला, त्यामुळं "सर, पळायच्या आधी एक तास नाही ओढली" ह्याला काही अर्थ नाही.

उन्हाळ्याचं तर तू बघतोसच. मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ अंश, सकाळी आठलाच तवा तापलेला. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडं वळवावं लागतं, वर घामानं रक्तातलं पाणी कमी, म्हणजे एकाच पंपावर पाय आणि कातडी दोघांची ओढाताण. त्याच वेगाला पल्स दहावीसनं जास्त दिसते ती त्यामुळं. सहाच्या आत उरका, पाणी पिऊन या, आणि मेमधली वेळ जानेवारीच्या वेळेशी लावत बसू नका.

राहिला तो शेवटचा प्रश्न, जो तू जाता जाता विचारलास, की दुकानात मिळतो तो ऑक्सिजनचा डबा ग्राउंडच्या दिवशी शिट्टीच्या आधी ओढला तर? ९७ चे फार तर १०० होतील, म्हणजे १०० मिली रक्तामागं अर्धा-पाऊण मिली, विरघळलेला धरून दोन मिलीच्या आसपास, आणि डबा तोंडावरून काढून दोनचार श्वास घेतलेस की तेवढाही गेला. रेषेवर उभा राहीपर्यंत काही शिल्लक नाही. त्या पैशात महिनाभराची खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लिंबं येतील.

उद्या पावणेसहाला ये, वॉर्मअप माझ्यासमोर कर. पहिला राऊंड मी सांगीन त्या वेळेत, एक सेकंद आधी नाही. आणि तो ऑक्सिमीटर आजोबांच्या उशाशी परत ठेव, त्याची खरी गरज त्यांना आहे.